पैंजणांच्या जागी गेलेली कॅसेट

हुपरीच्या मल्लेशनं आयुष्यात पहिल्यांदा हेवी मेटल ऐकलं तेव्हा त्यानं स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला. हे गाणंच असं आहे, ही शंकाही त्याला आली नाही. त्याला वाटलं, टेपरेकॉर्डर बिघडला.

झालं होतं असं. मुंबईचा एक चांदीचा व्यापारी माल बघायला हुपरीत आला होता. बरोबर कॉलेजात जाणारं पोरगं. बाप पैंजण उलटेपालटे करून बघत होता तेवढ्या वेळात पोरानं कंटाळून आपली कॅसेट मल्लेशच्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली, आणि जाताना विसरला. मल्लेशच्या घरची बाहेरची खोली म्हणजेच कारखाना. तिथं तीन-चार माणसं मांडी घालून दिवसभर पैंजणांना घुंगरं झाळून जोडायची आणि फळीवर टेपरेकॉर्डर चालू असायचा. दुसऱ्या दिवशी मल्लेशनं बटण दाबलं आणि आतून गिरणीचा पट्टा तुटल्यासारखा आवाज आला. त्यानं हेड स्पिरिटनं पुसलं. स्क्रू पिळला. मोटर काढून परत बसवली. आवाज तोच. दुसरी कॅसेट घातली तर भजन कसं स्वच्छ! मग ही परत घातली. पुन्हा गिरणी. असं दोन-चार दिवस चाललं. दुरुस्त करता करता ते त्याच्या कानांवरून इतक्या वेळा गेलं, की एका दुपारी त्याचा हात घुंगरू धरून तसाच थांबला. म्हणाला, "आयला, ह्येच गाणं हाय!"

हे मला त्यानंच सांगितलं. मी तेव्हा कोल्हापूर–हुपरी गाडीवर कंडक्टर होतो. तिकिटाला चिमटा मारता मारता लोकांच्या घरची बित्तंबातमी कळते. कळत नसेल तर कंडक्टरनं ती काढून घ्यावी. मी घेत असे. कुणाची सून माहेरी का गेली, कुणाच्या म्हशीनं दूध का आटवलं, सगळं मला माहीत. पण हा ओठांवर मिसरूड असलेला, कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंग, खिशात कंगवा, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालणारा पोरगा ते असलं केकाटणं कशासाठी ऐकतो, हे मला काही केल्या कळेना. म्हणून मी त्याच्यावर डोळा ठेवला.

महाद्वार रोडच्या एका बोळात बाळासोचं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. मल्लेश तिथं गेला आणि म्हणाला, असलंच आणखी काय असलं तर भरून द्या. बाळासोनं अर्धं मिनिट ऐकलं आणि कॅसेट बाहेर काढली.

"असलाच एक येडा राजारामपुरीत हाय," तो म्हणाला. "तुमची दोघांची गाठ घालून देतो. एकमेकांचं डोकं खावा, माझं सोडा."

तो दुसरा म्हणजे सम्राट. इंजिनिअरिंगला होता, म्हणजे कॉलेजात नाव होतं. केस खांद्यापर्यंत, अंगात काळा बनियन, त्यावर कवटी. घराच्या माडीवर ढोल-ताशासारखं काहीतरी परदेशी मांडून बडवत बसायचा. पहिल्या भेटीत दोघांचीही निराशा झाली. मल्लेशला वाटलं, हा गांजा ओढतो. सम्राटला वाटलं, हा आपल्याकडं पूजेच्या वर्गणीची पावती फाडायला आलाय. पण बाळासोच्या दुकानात दोघांनी एकच कॅसेट ऐकली आणि दोघांची मान एकाच ठिकाणी हलली. तिथून जे सुरू झालं, ते सुरू झालं.

सम्राटला पुण्याहून नव्या कॅसेटी यायच्या. तो त्या माझ्याकडे स्टँडवर द्यायचा, मी हुपरीत मल्लेशला. मल्लेश ऐकून, त्यातलं निवडून, दुसरी कॅसेट भरून परत पाठवायचा. ती पुढं सांगली, बेळगाव कुठं कुठं फिरायची. दोन गोष्टी मात्र मल्लेशच्या स्वतःच्या. एक म्हणजे डबी कधी रिकामी परत जायची नाही. शेजारणीकडून वाटीतून काही आलं तर वाटी धुऊन रिकामी कोण देतं? चिमूटभर साखर तरी घालतातच. तसंच हे. दुसरी म्हणजे गाण्याच्या आधी तो स्वतः बोलायचा. कॅसेट हातोहात फिरणार म्हणून नाव कुणाचं घ्यायचा नाही. हळू आवाजात, पूजेला बसल्यासारखा सांगायचा, "हे स्वीडनचं हाय. पहिल्या खेपेला आवडणार न्हाय. उठायचं न्हाय. परत लाव. तिसऱ्या खेपेला बाकीचं सोडून दे, नुसता ढोल ऐक." लोक म्हणे गाण्यापेक्षा त्याच्या बोलण्यासाठी कॅसेट मागायचे.

आता मुद्द्याचं. अठ्ठ्याण्णव साली मल्लेशचं लग्न ठरलं. मुलगी कोल्हापूरची, शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत्याची, शांभवी. बाप चन्नाप्पा. खालच्या मजल्यावर दुकान, वर घर, आणि समोर सौद्याचा, म्हणजे गुळाच्या लिलावाचा, कट्टा. चन्नाप्पा स्वतः सौदा पुकारायचे. त्यांचा आवाज एवढा, की पलीकडच्या गल्लीतलं तान्हं पोर दचकून उठायचं. सुपारी फुटली, वैशाखातली तिथी निघाली. मल्लेशच्या घरची रीत अशी, की नवऱ्या मुलानं स्वतःच्या हातानं पैंजण घडवायचे, लग्नाआधी मुलीकडे पाठवायचे आणि तेच घालून तिनं बोहल्यावर यायचं. मल्लेशनं असे पैंजण केले, की त्यांतलं घुंगरू मोहरीएवढं. नाजूक वस्तू, म्हणून कापसात गुंडाळून कॅसेटच्या रिकाम्या डबीत ठेवले. बरोबर बसायचे त्यात. व्यापाऱ्यांना नमुने तो नेहमी तसेच पाठवायचा.

त्याच दिवशी सम्राटसाठी एक कॅसेट भरून तयार होती. तीही डबीत. दोन्ही डब्या वर्तमानपत्रात बांधून फळीवर ठेवल्या आणि मल्लेश चांदीची तार ओढून आणायला बाहेर गेला. एवढ्यात माझी गाडी आली. मी दारातून हाक मारली, "रुद्राणीअव्वा, काय पाठवायचं हाय?"

त्याची आई हातातलं काम टाकून उठली. फळीवर दोन सारख्याच पुड्या. एक शांभवीकडं, एक सम्राटकडं, एवढं मल्लेशनं सांगितलं होतं. आता कुठली कुठली? अव्वानं एक डबी कानाशी धरून हलवली. काही नाही. दुसरी हलवली. आत खुळखुळ वाजलं.

"वाजतंय ते पैंजण," अव्वा म्हणाली आणि दुसरी डबी माझ्या डाव्या खिशात आणि वाजणारी उजव्या खिशात घातली. "ही सुनेकडं."

अहो, सगळा जन्म चांदीत गेलेली बाई. जे वाजतं तेच पैंजण, यात तिचं काय चुकलं? पैंजण कापसात झोपले होते, आणि कॅसेटची चकरी सैल होती. गाडीचा हॉर्न वाजला आणि मी निघालो.

स्टँडवर सम्राट मोटरसायकलला किक मारून उभाच होता. डावा खिसा त्याला दिला. ड्यूटी संपल्यावर उजवा खिसा घेऊन शाहूपुरीत गेलो. पैंजण येणार म्हणून घर भरलं होतं. चन्नाप्पा, त्यांच्या मालकीण, निपाणीहून आलेली आत्या आणि दाराआड शांभवी. मला खुर्ची, चहा, तिखट शेव. आत्यानं पुडी सोडली. आतून कॅसेट.

"अगं बाई!" आत्या म्हणाली. "जावई गाऊन पाठवतोय वाटतं!"

चन्नाप्पांचा चेहरा फुलला. "लावा की मग. मोठ्यानं लावा, शेजाऱ्यांना बी ऐकू द्या."

शांभवी लाजत आली, कॅसेट घातली, पुन्हा दाराआड. आधी मल्लेशचा हळू आवाज आला.

"हे नवीन हाय. पहिल्या खेपेला आवडणार न्हाय. भ्यायचं न्हाय. परत लाव. तिसऱ्या खेपेला त्या ओरडणाऱ्याकडं ध्यान दे. तो रागानं न्हाय ओरडत, एवढं मला समजलंय. पण कशापायी ओरडतोय ते मला अजून कळंना झालंय. तुला कळलं तर मला कळव."

आत्या पदर तोंडाला लावून हसली. "लग्नाआधीच तू-तू करतोय बाई!"

आणि मग ते सुरू झालं. काय सांगू! आधी भिंत पडल्यासारखा आवाज, मग दगड फोडायचं यंत्र, आणि त्यावर कुणीतरी मोठ्ठा माणूस नरडं सोडून बोंबलतोय. चन्नाप्पांच्या मालकिणीच्या हातातली कपबशी ताटात पडली. आत्यानं देव्हाऱ्याकडं तोंड करून हात जोडले. चन्नाप्पांनी शेवटी टेपरेकॉर्डरची वायरच उपटली.

"पिराजी, पोराला काय हाय?"

"काय न्हाय ओ. गाणं हाय ते."

"गाणं हे? मग त्यांच्यात भांडण कसलं असतंय?"

मी समजावून सांगितलं, की डबी चुकली, कॅसेट दुसऱ्याची होती. ते अजूनच बिघडले. "दुसऱ्याची कशी? आवाज त्याचाच हाय. भ्यायचं न्हाय म्हणतोय! म्हंजे भ्यायासारखं हाय हे त्याला ठावं हाय. पोरगी द्यायची कुणाच्या घरात? रविवारी मी सोता जातो आणि सुपारी मोडून येतो."

 मी जिना उतरताना बघितलं, शांभवीनं जमिनीवरची वायर उचलली आणि गुंडाळून ठेवली.

दुसऱ्या दिवशी पैंजण परत घ्यायला सम्राटच्या माडीवर गेलो. बघतो तर काय, पैंजण झांजेला बांधलेले! तो काठीनं मारायचा आणि त्या सगळ्या गोंधळातून एक बारीक छुमछुम निसटायची.

"अरे लका, हे नवरीचं हाय! सोड ते!"

"नवरीचं?" तो हादरला. "मामा, मला वाटलं मल्लेशनं नवीन काय तरी पाठवलंय. त्यानं आजपतुर कधी चुकीचं पाठवलंय का? पहिल्यांदा वाजवलं तर बरं न्हाय वाटलं. मग परत वाजवलं. तिसऱ्यांदा... ऐका तुम्ही!"

बघा आता. माणसावर विश्वास असावा तर असा. सोडवून द्यायला लागला तेव्हा बघितलं, काठीच्या मारानं एका पैंजणाचा अडकवायचा फासा वाकला होता. ते नवरीच्या पायात घालायच्या लायकीचे राहिले नव्हते. मी रिकाम्या हातानं हुपरी गाठली.

मल्लेशला सगळं सांगितलं. त्याच्या तोंडून पहिला प्रश्न काय यावा? "मामा, पूर्ण बाजू ऐकली का त्यांनी?"

"अरे येड्या, तुझं लग्न मोडतंय!"

मग त्याला घाम फुटला. त्या मुलीला त्यानं एकदाच, तेही पोह्यांच्या ताटाआडून बघितलं होतं, पण त्या पैंजणांत त्यानं महिनाभर डोळे घातले होते. ते मला माहीत होतं. रुद्राणीअव्वा कपाळाला हात लावून बसली होती. ती एकदम उठली. "समदी कॅसेटींची थेरं चांदीच्या मुशीत घाल. वितळून जाऊ दे."

"मूस खराब हुईल, अव्वा," मल्लेश म्हणाला.

"मग पाव्हण्यास्नी सांग, आवाज तुझा न्हाय. कुणीतरी चेष्टा केली म्हण. पिराजी साक्ष देईल."

मी द्यायला तयार होतो. मोडता संसार सावरायला थोडं खोटं बोलावं लागलं तर माझी जीभ कधी अडखळलेली नाही. पण मल्लेश चिमट्यातलं घुंगरू खाली ठेवून म्हणाला, "आवाज माझा हाय, मामा. न्हाय कसा म्हणू? आज न्हाय म्हणलो तर लग्नानंतर काय कानात बोळं घालून ऐकू?"

शनिवारी चन्नाप्पांच्या मालकीण बाजाराला म्हणून स्टँडवर आल्या. बाजार नुसतं निमित्त, मला गाठायचं होतं. इकडं तिकडं बघून म्हणाल्या, "पोरीला काय तरी झालंय ओ. मालक सौद्याला खाली उतरले की ती कॅसेट लावतीया. तीनदा लावली. मी म्हणलं, अगं भीती न्हाय वाटत? तर म्हणती, आई, हे रागाचं न्हाय, हे मी कुठं तरी ऐकलंय. आणि आज टेपरेकॉर्डर दोरीला बांधून खिडकीतनं खाली सोडलावता. मी बघितलं तर म्हणती, हवा लागू दे त्याला."

मी आतून उकळत होतो. माणसाला अर्धी बातमी देऊन जाणं याच्यासारखा छळ नाही.

रविवारी चन्नाप्पा माझ्याच गाडीत बसले. धोतर, कोट, फेटा, आणि मांडीवर ती डबी. मी तिकीट फाडताना डबीकडं बघितलं.

"ही कशाला घेतलीसा?"

"परत करायला. पोरीनं हातात दिली. म्हणाली, अप्पा, काय बी करा, पण डबी त्यांच्या हातात द्या आणि तुमच्या देखत लावायला सांगा. दुसरी बाजू. शेवटचं मागणं म्हणून मान्य केलं."

हुपरीत आल्यावर मी ड्रायव्हरला सांगितलं, माझ्या पोटात दुखतंय, गाडी थोडी थांबव. आणि चन्नाप्पांच्या मागोमाग कारखान्यात शिरलो. कामाची माणसं घुंगरं टाकून उठली. अव्वानं पाणी आणलं. चन्नाप्पांनी ते घेतलं नाही. सुपारी मोडायला आलेला माणूस पाणी घेत नसतो. अव्वाचा हात तसाच राहिला.

"पोरा, आवाज तुझा का?"

"व्हय."

"रोज ऐकतोस?"

"रोज, मामा."

"कोण हाय ह्यो बोंबलणारा?"

"स्वीडनचा हाय."

"ते कुठं बी असूदे. इकतोय काय?"

मल्लेश गोंधळला. "काय इकत न्हाय, मामा."

"इकत न्हाय? आणि एवढी हाळी? येड्यासारखं बोलू नको. माणूस एवढा घसा काढतो म्हंजे त्याच्याजवळ माल असतोय. त्याला कुणीतरी घेणारा पायजे असतोय. दुसरं काय?"

 ज्या प्रश्नानं मल्लेशला इतके दिवस झोप नव्हती, त्याचं उत्तर फेटा बांधून दारात उभं होतं. पण त्यानं काही बोलायच्या आत चन्नाप्पांनी डबी पुढं केली. "ही लाव. दुसरी बाजू. मग मी माझं बोलतो."

मल्लेशनं कॅसेट घातली. आधी खरखर. मग गर्दीचा कालवा, जसा पाणी उकळताना होतो. आणि त्यातून एक आवाज उठला. पोटाच्या तळातून, दगडावर दगड घासत वर येणारा. लांबच लांब हाळी, शेवटाला फाटलेली. शब्द कळत नव्हते. मल्लेशची मान हळूच हलली. कामाच्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं.

चन्नाप्पांनी डोळे बारीक केले. कान पुढं केला. मग समाधानानं म्हणाले, "ह्यो बरा हाय. पहिल्यापेक्षा बरा. ह्याचा घसा दिवसभर टिकंल. कुठला ह्यो?"

 तेवढ्यात आवाज खिडकीजवळ आला असावा, कारण शब्द उमटले. "घ्या ओ घ्या, कागलचा पिवळाधमक, गुळाचा एक नंबर रवा, बोला, बोला, कोण बोलतोय..."

चन्नाप्पांचं तोंड उघडं राहिलं. खिडकीतून खाली सोडलेल्या टेपरेकॉर्डरनं त्यांचाच सौदा भरून घेतला होता. माणसानं स्वतःचा आवाज असा बाहेरून कधी ऐकलेला नसतो. वयाच्या अठराव्या वर्षापासून गूळ विकणारा माणूस. पण स्वतःला पहिल्यांदाच ऐकत होता. हाळी संपली.  मग एका मुलीचा आवाज, हळू, पूजेला बसल्यासारखा:

"हे शाहूपुरीचं हाय. पहिल्या खेपेला आवडणार न्हाय. परत लावा."

 मी चन्नाप्पांकडं बघत होतो, मल्लेश जमिनीकडं. अव्वा अजून तांब्या धरून उभी.

"परत लाव," चन्नाप्पा म्हणाले.

परत लावली. तिसऱ्यांदा लावली. तिसऱ्या वेळी त्यांनी अव्वाच्या हातातला तांब्या घेतला आणि गटागटा पाणी प्याले. मग फेटा सारखा करत म्हणाले, "वैशाखात ऊन लई असतंय. वऱ्हाडाच्या गाड्या सकाळच्याच बघा."

मी बाहेर आलो तर गाडीतले लोक शिव्या देत होते. मी म्हटलं, गप बसा, मोठं काम करून आलोय. कुणाला पटलं नाही.

लग्न झालं. पैंजण मल्लेशनं नवे घडवले. जुने कुठं आहेत हे शांभवीला कळल्यावर ती लग्नानंतर सम्राटच्या माडीवर जाऊन बसली, सगळं ऐकलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या इथंच. पण ढोल जरा कमी करा, माझं पैंजण ऐकू येईना झालंय." पुढं सीडी आल्या, मग नेट-कॅफे आले, कॅसेटी भंगारात गेल्या. कुणी काय ऐकावं हे आता त्या घरात ती सांगते, मल्लेश नुसता भरून देतो.

पण त्या दुसऱ्या बाजूचं राहिलंच. मल्लेशनं डबी रिकामी ठेवायची नाही म्हणून ती बाजू सम्राटला पाठवली. सम्राटनं सांगलीला, सांगलीकरांनी बेळगावला. कुणी नाव विचारलं की मल्लेश सांगायचा, चन्नाप्पा. दोन हजार सालच्या आसपास बेळगावचं एक पोरगं काळ्या बनियनवर कोल्हापुरात उतरलं आणि त्यानं मलाच विचारलं, "चन्नाप्पाचा शो कुठं असतो?" मी त्याला सौद्याच्या वेळेला शाहूपुरीत नेऊन उभं केलं. दुसरं कुणी असतं तर सांगून टाकलं असतं, पण मला बघायचं होतं.

चन्नाप्पा कट्ट्यावर चढले. हाळी सुटली. पोरानं डोळे मिटले आणि केस पुढं टाकून मान हलवायला लागलं. वर, खाली. वर, खाली. आता सौद्यात मान हलवली की बोली धरतात, हे त्याला कोण सांगणार? प्रत्येक हलण्याला चन्नाप्पा चढत गेले, त्यांना वाटलं, पावणं लई जोरात आहेत. शेवटी गूळ त्याच्या नावावर पडला तेव्हा त्यानं डोळे उघडले.

"ओ पावणं, गाडी आणलीया का?" चन्नाप्पांनी विचारलं.

सगळा प्रकार कळल्यावर त्यांनी बोली रद्द केली, पण गुळाचा एक रवा, म्हणजे अख्खी ढेप, त्याला तसाच भेट दिला. पोरगं तो डोक्यावर घेऊन स्टँडवर आलं आणि माझ्या मित्राच्या बेळगाव गाडीत बसलं. खिडकीतून मला म्हणालं, "मामा, हे काय करू ह्याचं?"

"पयल्यांदा आवडणार न्हाय," मी म्हणालो. "परत खा."